बायकांचं काम आकड्यात कसं आणायचं: बेळगाव भागात सर्व्हे करणाऱ्यांसाठी

स्त्री अभ्यास करणाऱ्या बऱ्याच पोरी मुलाखती घ्यायला कधीही तयार असतात, पण सर्व्हे म्हटलं, टक्केवारी म्हटलं की मागं सरतात. आकडे म्हणजे सरकारी काम, बाईचं दुःख टक्क्यात मावत नाही, असं म्हणतात. मावत नाहीच. पण आपल्याकडं स्त्री अभ्यास उभा राहिला त्यात आकड्यांचा वाटा मोठा आहे. १९७४ साली स्त्रियांच्या स्थितीवरच्या समितीनं अहवाल दिला, त्यात जनगणनेचे जुनेच तक्ते होते, १९०१ मध्ये हजार पुरुषांमागं ९७२ बायका आणि १९७१ मध्ये ९३०. हे तक्ते काही लपवलेले नव्हते, फक्त एकाखाली एक ठेवून या बायका गेल्या कुठं असं विचारणारं कुणीतरी लागलं. त्याच वर्षी मुंबईत एसएनडीटी महिला विद्यापीठात स्त्री अभ्यासाचं संशोधन सुरू झालं. तेव्हा आकडे आपले नाहीत असं समजायचं काही कारण नाही, ते कसे गोळा करायचे आणि कसे वाचायचे एवढं शिकून घ्यायचं.

मग नेहमीचा सर्व्हे आणि स्त्रीवादी सर्व्हे यात फरक काय? फक्त बायकांना प्रश्न विचारले म्हणून तो स्त्रीवादी होत नाही. माझ्या मते खरा फरक आहे मोजायचं एकक काय धरलंय त्यात. घर हे एकक धरलं की घरातली बाई घराच्या आत गडप होते. आपल्याच भागातलं बघा. ऊसतोडीला बीडकडून टोळ्या येतात, तिथं हिशोब कोयत्यावर असतो, एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून, आणि उचल, म्हणजे आगाऊ पैसे, नवऱ्याच्या हातात. निपाणीत विडीचं कार्ड एकीच्या नावावर असतं पण हजार विड्या पुऱ्या करायला सासू बसते, पोरगी शाळेतून आली की बसते. दुधाचंही तेच, धार काढते बाई, चारा आणते बाई, आणि डेअरीच्या पुस्तकावर नाव मालकाचं, म्हणजे नवऱ्याचं. तिन्ही ठिकाणी कागद पक्का आहे, नोंद रोज होते, आणि काम करणारी कागदावर नाही. म्हणून फॉर्म बनवायला घेतला की आधी वरच्या कोपऱ्यात लिहा, या फॉर्मची एक ओळ म्हणजे कोण? घर, कार्ड, जोडपं की एकटी बाई? हे नक्की झाल्याशिवाय एकही प्रश्न लिहू नका.

दुसरी गोष्ट, गावात जायच्या आधी जे आकडे फुकट पडलेत ते बघून घ्या. जनगणना आहे, एनएफएचएस म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाची जिल्ह्यांची पत्रकं आहेत, पीएलएफएस म्हणजे कोण काय काम करतं ते मोजणारा सरकारी सर्व्हे आहे, दिवसाचा वेळ कशात जातो ते मोजणारा टाइम यूज सर्व्हे आहे. २०११ च्या जनगणनेत बेळगाव जिल्ह्यात हजार पुरुषांमागं ९७३ बायका होत्या, अशा आकड्यापासून सुरुवात करायला हरकत नाही. पण नुसता आकडा उचलू नका, तो कुठल्या प्रश्नातून आलाय ते बघा. पीएलएफएसमध्ये प्रत्येक माणसाला मुख्य कामाचा एक कोड मिळतो. ९२ म्हणजे फक्त घरकाम करणारी. ९३ म्हणजे घरकाम करून वर सरपण, भाजी, जनावरांचा चारा गोळा करणारी, घरच्यासाठी शिवण-विणकाम करणारी. दोन्ही कोड कामगारांच्या मोजणीच्या बाहेर. आता खानापूरकडं रानातून मोळी आणणारी बाई डोळ्यासमोर आणा, ती ९३ मध्ये जाते म्हणजे सरकारी भाषेत ती काम करत नाही. घरच्या धंद्यात बिनपगारी मदत करणारीला २१ कोड आहे आणि तो कामगारांत धरतात, पण माहिती जर मालकानं दिली आणि तो म्हणाला घरीच असते, तर २१ ची ९२ व्हायला किती वेळ लागतो? म्हणून बायकांचा कामातला वाटा कमी दिसला की लगेच निष्कर्ष काढू नका, आधी ९२ आणि ९३ मध्ये किती जणी आहेत ते काढा.

टाइम यूज सर्व्हेचा आकडा तर सगळेच वापरतात आणि बरेच जण अर्धाच वापरतात. २०१९ च्या सर्व्हेत घरच्यांसाठीच्या बिनपगारी घरकामात बायकांचे दिवसाला २९९ मिनिटं आणि पुरुषांचे ९७ मिनिटं आले. ऐकायला वाटतं पुरुष पण दीड तास करतात की. पण ही सरासरी आहे त्या दिवशी ज्यांनी घरकाम केलं त्यांचीच. बायकांत असं काम केलेल्या ८१.२ टक्के होत्या आणि पुरुषांत केलेले फक्त २६.१ टक्के. आता गुणाकार करा, सगळ्या बायकांवर सरासरी पडते जवळपास २४३ मिनिटं आणि सगळ्या पुरुषांवर जवळपास २५. तिप्पट फरक वाटत होता तो जवळजवळ दहापट निघाला. आकडा तोच, भागायला खाली कोण घेतलं यानं चित्र बदललं. कुठलीही सरासरी दिसली की विचारायचं, ही कुणाची सरासरी?

असाच एक आकडा एनएफएचएसचा. नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाली असं सांगणाऱ्या विवाहित बायका कर्नाटकात चौथ्या फेरीत २०.६ टक्के होत्या, पाचव्यात एकदम ४४.४ टक्के. कोविडमुळं वाढलं असं म्हणता येत नाही कारण पाचव्या फेरीचं कर्नाटकातलं काम २०१९ मध्येच झालं होतं. मारहाण चार वर्षांत दुप्पट झाली असंही या आकड्यावरून सांगता येत नाही. विचारणाऱ्या बाईचं ट्रेनिंग, खोलीत अजून कोण होतं, बाईला बोलायचा धीर कितपत होता, हे सगळं त्या आकड्यात मिसळलेलं असतं. हिंसेबद्दल बाई कमी सांगते, उगीच जास्त सांगायला तिला काही मिळत नाही, तेव्हा मी तरी मोठ्या आकड्याला खऱ्याच्या जवळचा धरते आणि लहान आकड्याकडं संशयानं बघते. पण असं का धरलं ते रिपोर्टमध्ये उघड लिहायचं, मनात ठेवायचं नाही.

आता प्रश्न कसे विचारायचे. या भागात शेतावर राबणाऱ्या बाईला तुम्ही विचारलं, अक्का तुम्ही काम करता काय, तर उत्तर ठरलेलं, "मी कुठलं काम करतो ओ, घरातच असतो की." आणि हे बोलताना तिच्या हाताला शेणाचा वास असतो. म्हणून तो प्रश्नच फॉर्ममधून काढून टाका. त्याच्या जागी कालचा दिवस विचारा. पहाटे ४ पासून दुसऱ्या पहाटे ४ पर्यंत, अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने, सरकारी सर्व्हेतही असंच असतं. आपण एक गोष्ट नक्की करायची, प्रत्येक रकान्याला दोन खण ठेवायचे, एक मुख्य कामाला, दुसरा त्याच वेळी अजून काय चालू होतं त्याला. समजा साडेपाच ते सहाचा रकाना आहे. पहिल्या खणात आलं, भाकऱ्या करत होतो. तिथं थांबू नका. विचारा, तेवढ्यात अजून काय? मग निघतं, चुलीवर पाणी तापत होतं, धाकट्याला उठवत होतो, सासूला चहा दिला, म्हशीला आंबोण ठेवून आलो. पहिल्याच खणावर थांबलात तर पोर सांभाळणं आणि म्हातारीचं बघणं सर्व्हेतून पुसलं जातं, कारण ही कामं दुसरं काहीतरी करता करताच होतात. घड्याळाची वेळ बऱ्याच जणींना सांगता येत नाही, तेव्हा गावातल्या खुणा धरा, पाणी सोडायची वेळ, डेअरीची गाडी, पहिली एसटी, शाळेची घंटा, मशिदीतली पहाटेची बांग. आधी गावात बसून या खुणांची यादी करायची आणि मगच फॉर्म छापायचा.

आणि हंगाम. बेळगाव-खानापूरच्या पश्चिम पट्ट्यात जुलैत रोप लावणीच्या वेळी बाई चिखलात वाकलेली असते, तिच्या त्या दिवसाचा आणि मे महिन्यातल्या दिवसाचा काही संबंध नसतो. एकाच फेरीचा आकडा घेऊन वर्षभराचं बोलू नका, निदान दोन हंगामात जा. सौंदत्ती यल्लम्माच्या जत्रेच्या दिवसांत गावंच्या गावं तिकडं असतात, तेव्हा जाऊन उपयोग नाही.

उत्तरांचे पर्यायही बघून ठेवा. लग्नाच्या प्रश्नाला विवाहित, अविवाहित, विधवा, घटस्फोटित एवढेच चार दिले तर नवऱ्यानं टाकलेली, कागदावर काहीच न झालेली बाई कुठं बसणार? देवदासी म्हणून सोडलेली कुठं? देवाला सोडायला बंदी करणारा कायदा कर्नाटकात १९८२ मध्ये झाला पण त्या बायका आज आपल्यात आहेत, म्हाताऱ्या झाल्यात. पर्याय वाढवा, आणि दारात उभं राहून, शेजारणीच्या समोर असलं काही विचारू नका, तो प्रश्न मागं ठेवा आणि स्वतः वाचून टिक करायचा पर्याय द्या.

सॅम्पलची सगळ्यांना भीती वाटते पण हिशोब सोपा आहे. एखादी टक्केवारी ५ टक्के इकडंतिकडं एवढ्या अंदाजानं, ९५ टक्के भरवशावर हवी असेल तर साधारण ३८५ जणी लागतात, १० टक्के इकडंतिकडं चालत असेल तर ९७ पुरतात. हे झालं सगळ्या तालुक्यातून चिठ्ठ्या टाकून निवडलं तर. आपण मात्र आधी गावं निवडतो आणि एका गावातून वीस-पंचवीस घरं घेतो, एका गावातली घरं एकमेकांसारखी असतात, म्हणून आकडा दीडपट ते दुप्पट धरा. नि हे पूर्ण सॅम्पलचं झालं. तुम्हाला दलित बायकांचं वेगळं, मराठा बायकांचं वेगळं बोलायचं असेल तर प्रत्येक गटात पुरेशा जणी हव्यात, नाहीतर शेवटी एका खणात सात जणी उरतात आणि त्यांच्यावर टक्केवारी काढायचा मोह होतो. सात जणींची टक्केवारी काढू नका. तिथं सरळ संख्या लिहा आणि त्या सात जणींशी बसून बोला, मुलाखत त्यासाठीच असते.

घर निवडलं की घरातली कुठली बाई? हे न ठरवता गेलात तर दारात सासू येते आणि सगळ्या फॉर्मवर सासूच बोलते. सून मागं ओट्याजवळ. म्हणून आधी घरातल्या अठरा वर्षांवरच्या सगळ्या बायकांची नावं वयानुसार लिहायची आणि चिठ्ठी टाकून एक निवडायची, ती कामावर गेली असेल तर संध्याकाळी परत जायचं, समोर आहे ती घेऊन भागवायचं नाही. आणि मग आकडेमोडीत वजन द्यायला विसरायचं नाही. चार बायकांच्या घरातून एकच निवडली तर ती चार जणींच्या वतीनं बोलते, एकट्या बाईच्या घरातली एकीच्याच. वजन न देता सरासरी काढली तर एकत्र कुटुंबातल्या सुना पुन्हा कमी मोजल्या जातात, म्हणजे एवढी मेहनत करून त्यांना परत आतच ढकललं.

यादीसाठी अंगणवाडीची वही चांगली, पण तिच्यात प्रामुख्यानं लहान पोरं आणि गरोदर, बाळंतीण बायका असतात. माहेरी परत आलेली, भाड्याच्या एका खोलीत राहणारी, शाहापूर-वडगावकडं मागावर काम करून तिथंच गल्लीत राहणारी, टोळीबरोबर पालात असलेली, या त्या वहीत सापडत नाहीत. गल्ली-गल्ली फिरून यादी स्वतः करा, दोन दिवस जास्त जातील.

इथं आपल्या भागाची एक वेगळी अडचण आहे, भाषा. बेळगावात कुणी फॉर्म घेऊन आला आणि पहिलाच प्रश्न घरात कोणती भाषा बोलता असा आला की लोकांना वाटतं हा सीमाप्रश्नाचाच काहीतरी सर्व्हे आहे, आणि मग पुढची सगळी उत्तरं त्या हिशोबानं येतात. भाषेचा प्रश्न शेवटी ठेवा, कशासाठी विचारतोय ते सांगा. घरची भाषा आणि मुलाखत झाली ती भाषा दोन वेगळ्या खणात लिहा. फॉर्म मराठी आणि कन्नड दोन्हीत एकाच वेळी बनवा, उर्दू बोलणाऱ्या गल्ल्यांसाठी ती भाषा येणारी मुलगी बरोबर घ्या. आपल्याला मराठी येतं म्हणून मराठी घरंच घेतली तर तो मराठी घरांचा सर्व्हे झाला, तसं नाव द्या, बेळगाव जिल्ह्याच्या बायका असं नाव देऊ नका. तसंच पैशाचं. कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे बायकांना महिन्याला दोन हजार येतात, आणि फॉर्म भरून ते बंद होतील अशी भीती घरोघरी असते. मिळकत शेवटी विचारा, आपण पंचायतीकडून आलो नाही हे आधी दोनदा सांगा.

सीमेचा फायदाही आहे, तो मात्र कुणी फारसा घेत नाही. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना राज्याच्या साध्या बसमध्ये तिकीट नाही, पलीकडं महाराष्ट्रात त्याच वर्षी मार्चपासून एसटीला अर्धं तिकीट. खानापूर आणि चंदगड, निपाणी आणि कागल, माणसं तीच, सोयरिकी तिकडच्याच, शेती तशीच, बसचा नियम वेगळा. मोफत बसनं बायकांचं बाहेर पडणं, कामाला दूर जाणं बदललं का, हे दोन्ही बाजूच्या गावात विचारून ताडता येतं. फक्त आजचा फरक बघायचा नाही, २०२३ च्या आधी दोन्हीकडं किती होतं आणि नंतर किती झालं, या दोन फरकांतला फरक बघायचा, कारण निपाणीच्या बायका आधीपासूनच विडी-तंबाखूच्या कामाला बाहेर पडायच्या. आणि मोफत प्रवासाला जी शून्य रुपयांची तिकिटं फाडतात त्यांच्या संख्येवर भाळू नका. तिकीट एका फेरीला एक असतं, रोज जाऊन येणारी एकच बाई महिन्यात पन्नास तिकिटं होते. तिकिटं म्हणजे बायका नव्हेत. कधीच न गेलेली बाई त्या आकड्यात दिसणारच नाही, आणि आपल्याला तर तिचंच जास्त कळायला हवं.

हिंसेचे प्रश्न असतील तर नियम कडक आहेत आणि ते मोडू नयेत, जागतिक आरोग्य संघटनेनं २००१ मध्ये यावर सूचना काढल्या आहेत. एका घरात एकाच बाईला विचारायचं, म्हणजे दुसरीकडून मालकाला कळत नाही. सर्व्हेला नाव द्यायचं बायकांचं आरोग्य वगैरे. मुलाखत चालू असताना कुणी आत आलं तर पान उलटून लसीकरणाचे, पाण्याचे प्रश्न विचारायचे, ते पान आधीच छापून ठेवायचं. एकांत मिळाला नाही तर ते प्रश्न सोडून द्या आणि एकांत नव्हता असं लिहा, ती पण माहितीच आहे. १८१ हेल्पलाइन आणि जवळचं मदत केंद्र कुठं ते सांगता आलं पाहिजे, पण छापील कागद घरात ठेवून येऊ नका, तो मालकाच्या हाती लागला तर मार तिलाच. विचारणाऱ्या मुलींचंही बघा, दिवसभर असलं ऐकून त्यांची झोप उडते, रोज संध्याकाळी अर्धा तास बसून बोलायची सोय करा. आणि कुठल्या मुलीनं कुठला फॉर्म भरला त्याचा नंबर टाका, एकीच्या फॉर्ममध्ये हिंसा शून्य आणि दुसरीच्या फॉर्ममध्ये चाळीस टक्के असं निघालं तर फरक बहुतेक विचारण्यात आहे.

आकडेमोडीला महागडं सॉफ्टवेअर लागत नाही. मोबाइलवर फॉर्म भरायला कोबो, हिशोबाला एक्सेल किंवा लिबरऑफिस, पुढं जायचं असेल तर जामोवी किंवा आर हे आकडेवारीचे प्रोग्राम, एक्सेल सोडलं तर सगळं फुकट. सरासरीबरोबर मधला आकडा काढायची सवय लावा. समजा पाच जणींची रोजची कमाई १५०, १६०, १७०, १८० आणि ९०० आहे, सरासरी ३१२ येते आणि पाचातल्या चौघींना तेवढे कधी दिसत नाहीत, मधला आकडा १७० हाच खरं सांगतो. माहीत नाही हे उत्तर कचऱ्यात टाकू नका. मालकाची मिळकत किती या प्रश्नाला निम्म्या बायका माहीत नाही म्हणाल्या तर तो रिकामा खण नाही, घरात पैशाची माहिती कुणाकडं असते याचं ते उत्तर आहे, त्याची वेगळी टक्केवारी छापा.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो बाकी सगळं सारखं धरून तुलना करण्यात. शेतमजुरीचं घ्या. पुरुषांना औषध मारायला, नांगरटीला, गाडी भरायला लावतात, बायकांना भांगलायला. दर वेगवेगळे. आता तुम्ही रिग्रेशनमध्ये, म्हणजे बाकी गोष्टी सारख्या धरून फरक काढायच्या हिशोबात, कामाचा प्रकार घातला तर मजुरीतला स्त्री-पुरुष फरक जवळजवळ नाहीसा होतो आणि मग रिपोर्टात येतं की भेदभाव आढळला नाही. अहो, भांगलणीला पुरुष जातच नाही आणि म्हणूनच तिचा दर कमी आहे, फरक तयार होतो तो तिथंच. ज्या वाटेनं अन्याय येतो ती वाट हिशोबात सारखी करून टाकली तर अन्याय दिसणार कसा? समान किंवा सारख्या कामाला समान वेतन हे १९७६ च्या कायद्यानं सांगितलं, पण काम आधीच वेगळं करून ठेवलं की कायद्याचा हात पोचत नाही. म्हणून दोन्ही तक्ते द्या, कामाचा प्रकार न घालता एक आणि घालून एक, आणि मधला फरक कुठून आला ते शब्दात लिहा. शिक्षण, जमीन, घराबाहेर राहिलेले तास, यांचंही तसंच, प्रत्येक वेळी विचारा की ही गोष्ट बाई असण्याच्या आधी ठरली की बाई असल्यामुळं ठरली. आणि बाई-पुरुष एवढाच एक खण करून थांबू नका. जात, भाषा, लग्नाची स्थिती जोडून बघा, निपाणीतली विडी वळणारी विधवा आणि टिळकवाडीतली बँकेत जाणारी यांची सरासरी काढून जी बाई तयार होते ती कुठंच राहत नाही.

छापायच्या आधी तक्ते गावात परत न्या. स्त्रीशक्ती संघाच्या, म्हणजे बायकांच्या बचत गटाच्या, बैठकीला अर्धा तास मागून घ्या, भिंतीवर दोनच आकडे लावा, जास्त नको, आणि विचारा हे बरोबर वाटतं का. पाण्याला लागणारा वेळ कमी आलाय, तुम्ही आलात त्या आठवड्यात नळाला पाणी होतं, असल्या गोष्टी तिथंच कळतात आणि त्या रिपोर्टमध्ये जातात. नावं आणि मोबाइल नंबर वेगळ्या फाइलमध्ये, कुलूप लावून, काम संपलं की पुसून टाकायचे. लहान गावात जात, वय आणि लग्नाची स्थिती एका ओळीत आली की नाव नसतानाही बाई ओळखू येते, तेव्हा गावाचं नाव काढून तालुका ठेवा. कोरा फॉर्म मात्र मराठी आणि कन्नड दोन्हीत सगळ्यांना मिळेल असा ठेवा, वेळेच्या खुणांची यादी आणि दोन खणांच्या रकान्यासकट, म्हणजे पाच वर्षांनी दुसरी कुणी त्याच गावात गेली तर तिला तेच प्रश्न तसेच विचारता येतील.